नेटस्केप गेले, वही राहिली

संगणक बदलणे म्हणजे बिऱ्हाड हलवणे. फोटो, पत्रे, हिशेबाच्या एक्सेल फाइली, मुलांचे दाखले हे सगळे आठवणीने पेनड्राइव्हवर चढते, कारण ते फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर असते. बुकमार्क मात्र ब्राउझरच्या पोटात असतात. जुना संगणक एक्स्चेंजमध्ये देऊन झाला, नव्यावर ब्राउझर उघडला आणि वरची पट्टी कोरी दिसली, की मगच त्यांची आठवण होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला आणि कितीतरी धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. त्यामुळे ही हलवाहलव सध्या घरोघरी चालू आहे. तिच्यासाठी दोन वाटा आहेत. एक, ब्राउझरच्या खात्यात शिरून ‘सिंक’ चालू करायचे आणि सगळे आपोआप येण्याची वाट बघायची. दुसरी, बुकमार्कांची फाइल स्वतः काढून घ्यायची आणि नव्या ठिकाणी घालायची. पहिली वाट सोपी आहे, म्हणून बहुतेक जण तीच धरतात. पण दुसरीला पर्याय नाही, आणि पहिली धरली तरी दुसरी सोडू नये, असे माझे मत आहे. त्याची कारणे तंत्रात कमी आणि इतिहासात जास्त आहेत.

आधी नावाचा घोळ. कागदी पुस्तकातली खूण, मग ते मोरपीस असो, पिंपळपान असो की एसटीचे तिकीट, पुस्तकाबरोबरच हलते. पुस्तक पेटीत गेले की खूणही पेटीत गेली. ब्राउझरमधला बुकमार्क तसा नाही. पुस्तक दुसऱ्याच्या घरी आहे आणि आपल्याकडे फक्त त्या घराचा पत्ता आहे. मराठीत ‘वाचनखूण’ हा सुरेख शब्द असला तरी ही वस्तू खरे तर पत्त्यांची वही आहे. १९९३ मध्ये आलेल्या मोझॅक या ब्राउझरने तिला ‘हॉटलिस्ट’ म्हटले, मायक्रोसॉफ्टने ‘फेव्हरिट्स’ म्हटले, आणि नेटस्केपचा ‘बुकमार्क’ हा शब्द जगभर रुळला. वही म्हटले की दोन गोष्टी आपोआप कळतात. वही हलकी असते. हजारो पत्ते असले तरी ती एखाद्या फोटोएवढीही जागा खात नाही. आणि वही हलवली म्हणजे घरे हलली असे होत नाही. ती जागच्या जागी उभी आहेत की पडली, हा प्रश्न वेगळाच. त्याकडे शेवटी येऊ.

आता क्रोम, फायरफॉक्स, एज किंवा सफारी यांपैकी कोणत्याही ब्राउझरमधून बुकमार्क ‘एक्स्पोर्ट’ करा. हाती एक एचटीएमएल फाइल येते. ती ब्राउझरमध्ये उघडली तर दुव्यांची साधी यादी दिसते. तीच नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरांत, एक नाव दिसते: नेटस्केप. पुढे ‘बुकमार्क फाइल १’ असा शेरा. ही ओळ गूगलचा ब्राउझर लिहितो, मायक्रोसॉफ्टचा लिहितो आणि ॲपलचाही लिहितो. नेटस्केप ही मार्क अँड्रीसन आणि जिम क्लार्क यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली कंपनी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्या नॅव्हिगेटर ब्राउझरची पहिली आवृत्ती आली. मग मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर फुकट वाटला, नेटस्केप हरली, एओएल या इंटरनेट कंपनीने ती विकत घेतली, आणि १ मार्च २००८ रोजी ब्राउझरचा उरलासुरला पाठिंबाही संपला. क्रोम त्यानंतर सहा महिन्यांनी जन्मला. म्हणजे आजचा सर्वाधिक वापरातला ब्राउझर, आपल्या जन्माआधीच वारलेल्या ब्राउझरच्या नावाने वही लिहितो. दुसरी आवृत्ती कधी निघालीच नाही. तो ‘१’ अजून ‘१’च आहे.

ही रचना टिकली ती गुणांमुळे म्हणावे तर तसे नाही. तिच्यात अर्धवट सोडलेले टॅग आहेत, मधेच विनाकारण परिच्छेदाच्या खुणा आहेत, आणि कोणत्याही मानक संस्थेने तिच्यावर कधी शिक्का मारलेला नाही. फाइलच्या वरच्या भागात ‘ही आपोआप तयार झालेली फाइल आहे, तिच्यात फेरफार करू नका’ अशा अर्थाची तंबीसुद्धा आहे. ती नेटस्केपच्या काळी खरी होती, कारण तेव्हा ही फाइल हीच मूळ वही होती. आजच्या बहुतेक ब्राउझरांनी ती तंबीही इमानेइतबारे उतरवून घेतली. १९९८ मध्ये पायथन भाषेच्या काही जाणकारांनी ‘एक्सबेल’ नावाची याच कामासाठीची नीटनेटकी रचना मांडली. कागदावर ती सरस होती. लिनक्सवरच्या कॉंकरर ब्राउझरने ती पत्करली, पण बाकीच्यांनी तिच्याकडे फारसे पाहिले नाही. कारण सरळ आहे. नवा ब्राउझर बाजारात येतो तेव्हा त्याला जुन्याची गिऱ्हाइके ओढायची असतात, आणि जुन्याची वही वाचता आली नाही तर गिऱ्हाईक येत नाही. मायक्रोसॉफ्टला नेटस्केपची गिऱ्हाइके हवी होती म्हणून एक्सप्लोररने नेटस्केपची वही वाचायला शिकून घेतले. इतके, की या रचनेचे जे तपशीलवार वर्णन प्रोग्रामर आजही धुंडाळतात ते मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजांत सापडते. ज्याने मारले त्यानेच मृत्युपत्र जपून ठेवले, असा हा प्रकार. फायरफॉक्सला एक्सप्लोररची गिऱ्हाइके हवी होती, क्रोमला दोघांचीही. प्रत्येकाने आत यायचा दरवाजा उघडा ठेवला, आणि बाहेर जायचा बंद केला तर लोक बोंब मारतील म्हणून तोही उघडाच राहिला.

हलवता येणे हा या कल्पनेचा मूळचाच भाग आहे, असेही म्हणता येईल. जुलै १९४५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ व्हॅनेवर बुश यांनी ‘अटलांटिक’ मासिकात ‘मेमेक्स’ नावाच्या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. सूक्ष्मफितींवर साठवलेली पुस्तके, आणि वाचकाने एका कागदावरून दुसऱ्यावर जात स्वतः पाडलेल्या पायवाटा. त्यांच्या उदाहरणातला माणूस तुर्की धनुष्य इंग्लिश धनुष्यापेक्षा सरस का ठरले याचा माग काढतो, आणि पुढे कधीतरी मित्राशी बोलताना विषय निघतो तेव्हा ती अख्खी पायवाट छापून मित्राच्या यंत्रात घालायला देतो. इलेक्ट्रॉनिक संगणक अजून खोलीभर जागा घेत होता, तेव्हा एक्स्पोर्ट आणि इंपोर्ट लिहून झाले होते.

आता सिंकचा पक्ष. तो दुबळा नाही. खात्यात शिरले की बुकमार्क येतात, फोनवरही येतात, आज जोडलेला पत्ता उद्या ऑफिसच्या संगणकावर हजर असतो. फाइलला हे जमत नाही. फाइल म्हणजे एका क्षणाचा फोटो. मग फाइलची कटकट कशाला? पहिले उत्तर असे की सिंक हा आरसा आहे, तिजोरी नाही. तुम्ही जे कराल ते तो दुसरीकडे दाखवतो, आणि त्यात चुकाही आल्या. घाईत एक फोल्डर उडाले की ते सगळ्या यंत्रांवरून उडते. सिंकने आपले काम चोख केलेले असते, म्हणूनच नुकसान पूर्ण होते. दुसरे, आरशात दोन माणसे उभी राहिली की गर्दी होते. नव्या संगणकावर आधीच काही बुकमार्क असतील आणि मग खाते जोडले, तर दोन्ही संच एकत्र होतात. तेच पत्ते दोनदा, तीच फोल्डरे दोनदा, आणि ही सरमिसळ जुन्या संगणकावरही पोचते. कार्यालयीन खाते आणि घरचे खाते यांची गल्लत झाली तर विचारूच नका. तिसरे, सिंक एकाच कंपनीच्या अंगणात चालते. क्रोमचे सिंक क्रोमपर्यंत, फायरफॉक्सचे फायरफॉक्सपर्यंत. ब्राउझर बदलायचा असेल तर पुन्हा तीच जुनी वही लागते.

चौथे उत्तर सगळ्यांत वजनदार आहे. दुसऱ्याच्या घरी ठेवलेली वही त्याच्या मर्जीने राहते. जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये ‘डिलिशस’ सुरू केले. आपले बुकमार्क जगाला दिसतील असे ठेवायचे, त्यांना विषयांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, दुसऱ्यांचे बघायचे, ही कल्पना लोकांनी उचलून धरली. २००५ मध्ये याहूने ते घेतले, २०११ मध्ये विकले, पुढे ते हात बदलत राहिले, आणि २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ या छोट्या प्रतिस्पर्ध्याने ते विकत घेऊन नवे काही जोडणे बंद केले. वेगवेगळ्या ब्राउझरांत बुकमार्कांचा मेळ घालणारे ‘एक्समार्क्स’ मे २०१८ मध्ये संपले. ‘गूगल बुकमार्क्स’ ही सेवा सप्टेंबर २०२१ मध्ये बंद झाली. नंतर वाचायचे लेख बाजूला ठेवणारे ‘पॉकेट’ फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०१७ मध्ये घेतले आणि जुलै २०२५ मध्ये बंद केले. यातली कोणतीही सेवा टाकाऊ नव्हती. त्या चालवणारे लोकही लबाड नव्हते. बंद करताना बहुतेकांनी यादी काढून घ्यायला मुदत दिली. ज्यांनी ती सूचना वाचली त्यांची वही वाचली. सूचनेचा ईमेल जाहिरातींच्या ढिगात हरवला त्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको.

आणि कायदा? मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतात नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर आली. ती कंपन्यांनी आपण होऊन दिली नाही. नियामकाने द्यायला लावली. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहितीरक्षण कायद्याच्या विसाव्या कलमाने नागरिकाला आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता, पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो उरला नाही. म्हणून बुकमार्कांच्या बाबतीत आपण ज्या सोयीवर विसंबतो ती हक्काची नसून रूढीची आहे. तीस वर्षे सगळ्यांनी पाळलेली रूढी, एवढाच तिचा आधार. मला वाटते, रूढीने मिळालेली गोष्ट अधूनमधून वापरत राहावी. वापरात नसलेला मेनू पुढच्या आवृत्तीत कुठल्या कोपऱ्यात जाईल याचा नेम नसतो.

प्रत्यक्ष कृती दोन मिनिटांची आहे. विंडोजवर क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींत कंट्रोल, शिफ्ट आणि ओ ही बटणे एकत्र दाबली की बुकमार्कांची खोली उघडते. तिथल्या मेनूत एक्स्पोर्ट असते; फाइल कुठे ठेवायची ते विचारले जाते; नव्या संगणकावर त्याच खोलीतून इंपोर्ट. एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवावा. फायरफॉक्समध्ये ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोअर’ ही वेगळी जोडी आहे. एचटीएमएल फाइल आत घेतली तर पत्ते आधीच्यांत मिसळतात; बॅकअप रिस्टोअर केला तर आधीचे पुसून त्या जागी बॅकअप बसतो. नव्या कोऱ्या संगणकावर दोन्ही चालतील, पण चार दिवस वापरलेल्यावर दुसऱ्याने चार दिवसांचे नवे पत्ते जातील. फाइलबरोबर काय येत नाही तेही कळलेले बरे. पासवर्ड येत नाहीत, पाहिलेल्या पानांचा इतिहास येत नाही, कुठल्या साइटवर आपण लॉगिन केले होते तेही येत नाही. येते ते नाव, पत्ता, फोल्डरांची उतरंड आणि तारीख.

जुना संगणक सुरूच होत नसेल तरी आशा असते. दुरुस्तीवाला डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून देऊ शकतो, आणि तिच्यावर क्रोमच्या प्रोफाइल फोल्डरात ‘बुकमार्क्स’ याच नावाची, पुढे कसलेही शेपूट नसलेली फाइल असते. शेजारी तिची आधीची प्रतही असते. विंडोजवर हे फोल्डर ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात खोल दडलेले असते, एवढाच त्रास. पासवर्ड कुलूपबंद करून ठेवलेले असतात. ही फाइल मात्र उघडी असते आणि नव्या संगणकावर, क्रोम बंद ठेवून, त्याच जागी ठेवता येते. फायरफॉक्स तर तारीखवार पंधरा बॅकअप आपण होऊन ठेवतो. क्रोमच्या या आतल्या फाइलीत प्रत्येक पत्त्यापुढे एक लांबलचक आकडा दिसतो. तो १ जानेवारी १६०१ पासून मोजलेले मायक्रोसेकंद दाखवतो, म्हणजे काल जोडलेल्या रेल्वे आरक्षणाच्या पानाचा मुहूर्त शिवजन्माच्या एकोणतीस वर्षे आधीपासून मोजलेला असतो! विंडोजच्या कालगणनेतून आलेली ही खोड आहे. नेटस्केपची वही मात्र १९७० पासूनचे साधे सेकंद मोजते.

मराठी वाचकाला वहीत आणखी एक कोडे भेटते. मराठी विकिपीडियावरचा ‘मुंबई’ हा लेख जोडला तर पत्त्यात मुंबईऐवजी टक्क्याच्या खुणा आणि इंग्रजी आकडे-अक्षरांची माळ दिसते. फाइल बिघडली असे वाटून काही जण ती पुसून टाकतात. बिघडलेले काही नसते. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशी पाच चिन्हे म्हणजे पंचेचाळीस अक्षरे. दिसायला भयंकर, पण चालायला बिनचूक. खरा धोका नावांना असतो. जुन्या नोटपॅडमध्ये फाइल उघडून, काही पुसून, ‘आन्सी’ प्रकारात साठवली तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते, आणि ती परत येत नाही. म्हणून साफसफाई करायची ती ब्राउझरमध्ये, नोटपॅडमध्ये नाही. नेटस्केपची जुनी तंबी निदान आपल्याला तरी अजून लागू आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, बुकमार्क हवेतच कशाला? शोधले की सगळे सापडते. अर्धे खरे आहे. बातम्यांचे मुखपृष्ठ किंवा यूट्यूब यांना बुकमार्काची गरज नाही. पण शोधयंत्र आज काय वर यावे ते आजच्या हिशेबाने ठरवते. तीन वर्षांपूर्वी वीस पाने चाळून यातले हे एक खरे, असा जो निर्णय तुम्ही घेतला होता तो त्याच्याकडे नसतो. वही म्हणजे अशा निर्णयांची नोंद. शिवाय बँक, कर, सातबारा यांच्या बाबतीत शोधून जाण्याची सवयच धोक्याची आहे, कारण हुबेहूब दिसणारी बनावट पाने आणि पैसे देऊन वर आलेल्या जाहिराती शोधाच्या यादीतच उभ्या असतात. एकदा नीट तपासून जोडलेला पत्ता या सापळ्याला बगल देतो. अर्थात हीच वही उघड्या मजकुराची असल्यामुळे ती झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर ठेवून येऊ नये. ‘दुवा असेल त्याला उघडता येईल’ अशा प्रकारे वाटलेली कागदपत्रे तिच्यात असतात, आणि तिथे पत्ता हीच किल्ली असते.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत खरा आहे: निम्मी घरे पडलीच असतील तर वही कशाला वाहायची? प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये दाखवले की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. जुन्या वहीत मेलेले पत्ते असणार हे धरूनच चालावे. पण ते पुसण्याची घाई करू नये, कारण वहीत पत्त्याबरोबर तारीख आहे. इंटरनेट अर्काइव्ह ही अमेरिकेतली संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवते आणि तिच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता आणि दिवस सांगितला तर त्या सुमाराची प्रत, असेल तर, समोर येते. समजा वहीत एका मेलेल्या दुव्यापुढे जोडल्याची वेळ म्हणून १३६९०००००० हा आकडा आहे. १९७० पासूनचे तेवढे सेकंद मोजले की २० मे २०१३ ची पहाट येते, भारतात तीन वाजून सोळा मिनिटे. इतक्या अपरात्री कोणीतरी ते पान जपून ठेवण्यासारखे मानले होते. वेबॅक मशीनच्या कॅलेंडरमध्ये आधी मे २०१३ उघडून पाहावा.